रोनाल्ड रॉस

सर रोनाल्ड रॉस (जन्म : अल्मोडा, १३ मे १८५७, मृत्यू : लंडन, १६ सप्टेंबर १९३२) हे ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ आणि भारतीय वैद्यकीय सेवेतील अधिकारी होते. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात वाढतो आणि डासाच्या दंशातून पसरतो, हे त्यांनी १८९७ आणि १८९८ या दोन वर्षांत भारतात केलेल्या संशोधनातून दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना १९०२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले ब्रिटिश नागरिक होत. लंडनमधील वैद्य पॅट्रिक मॅन्सन यांनी चार वर्षे पत्रांतून केलेले मार्गदर्शन हा रॉस यांच्या संशोधनाचा मोठा आधार होता. तरुण वैद्यकांना अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधनाची संधी देणाऱ्या ज्या विद्यावृत्त्या आज अस्तित्वात आहेत, तशी व्यवस्था रॉस यांना लाभली नव्हती. तिची उणीव या पत्रव्यवहाराने भरून काढली.

बालपण आणि शिक्षण

रॉस यांचे वडील कॅम्पबेल क्ले ग्रँट रॉस हे हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्यात अधिकारी होते. दहा भावंडांत रोनाल्ड सर्वांत थोरले. वयाच्या आठव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. काव्य, संगीत, चित्रकला आणि गणित या विषयांची त्यांना ओढ होती आणि लेखक व्हावे अशी त्यांची इच्छा होती. वडिलांच्या आग्रहामुळे १८७४ मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही. १८७९ मध्ये ते शल्यचिकित्सकांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. दुसऱ्या आवश्यक परीक्षेत मात्र पहिल्या प्रयत्नात अपयश आले. मधल्या काळात त्यांनी अटलांटिक महासागरातून ये-जा करणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून नोकरी केली. १८८१ मध्ये राहिलेली परीक्षा देऊन ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले. पुढे नोबेल मिळवणाऱ्या संशोधकाची ही सुरुवात मुळीच आशादायक म्हणता येणार नाही.

भारतातील पहिली वर्षे

१८८१ ते १८९४ या काळात रॉस यांची नेमणूक मद्रास इलाख्यात, ब्रह्मदेशात आणि अंदमानात अशी निरनिराळ्या ठिकाणी होत राहिली. लष्करी वैद्याचे काम बेताचे असे. उरलेल्या वेळात ते कविता आणि कादंबऱ्या लिहीत व गणिताचा अभ्यास करीत. १८८३ मध्ये बंगळूर येथे असताना, निवासाभोवतीच्या पिंपांत साचलेले पाणी काढून टाकले की डास कमी होतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. मात्र या निरीक्षणाचा हिवतापाशी संबंध असेल अशी शंका त्यांना तेव्हा आली नाही.

१८८८ मध्ये रजेवर इंग्लंडला गेल्यावर त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदविका मिळवली आणि जीवाणुशास्त्राचे शिक्षण घेतले. १८८९ मध्ये रोझा ब्लॉक्सॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. भारतात परतल्यावर ते हिवतापाच्या अभ्यासाकडे वळले, पण सुरुवातीलाच त्यांची वाट चुकली. फ्रेंच लष्करी वैद्य आल्फोन्स लाव्हरां यांनी १८८० मध्ये अल्जीरियात हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तात परजीवी पाहिले होते. रॉस यांना आपल्या रुग्णांच्या रक्तात ते दिसेनात. दोष त्यांच्या तपासणीच्या पद्धतीत होता. ते दाखवून देणारे जवळ कोणी नसल्याने त्यांनी लाव्हरां यांच्या शोधावरच शंका घेतली आणि हिवतापाचे मूळ आतड्यात असावे असे प्रतिपादणारे लेख प्रसिद्ध केले.

मॅन्सन यांची भेट

१८९४ च्या रजेत रॉस यांची लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांच्याशी भेट झाली. मॅन्सन यांनी अनेक वर्षे चीनमध्ये वैद्यकीय व्यवसाय केला होता. हत्तीरोगाला कारणीभूत होणाऱ्या सूक्ष्म कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते, हे त्यांनी १८७७ मध्ये आमॉय येथे दाखवून दिले होते. रक्तातील परजीवी आणि रक्त पिणारा कीटक यांचा असा संबंध सिद्ध होण्याची ती पहिलीच महत्त्वाची घटना होती.

मॅन्सन यांनी रॉस यांना आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली लाव्हरां यांचे परजीवी प्रत्यक्ष दाखवले. रक्ताचा थेंब कसा घ्यावा, लेप किती पातळ असावा, चंद्रकोरीच्या आकाराचे परजीवी कसे ओळखावेत, हे सर्व त्यांनी शिकवले. शिकवण्यासाठी रुग्ण हवेत म्हणून ते रॉस यांना लंडनमधील खलाशांच्या रुग्णालयातही घेऊन जात. काही वर्षे मनात घर करून बसलेली शंका अशा रीतीने दूर झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून चालत असताना मॅन्सन यांनी हिवतापाच्या परजीवीचा प्रसारही डासांमार्फत होत असावा, ही आपली कल्पना रॉस यांना सांगितली आणि डिसेंबरमध्ये ती लेखरूपाने प्रसिद्ध केली. मॅन्सन यांना स्वतः भारतात जाणे शक्य नव्हते. हिवतापाच्या प्रदेशात राहणारा, सूक्ष्मदर्शक हाताळू शकणारा आणि चिकाटीचा माणूस त्यांना हवा होता. रॉस यांना तर निश्चित प्रश्नच हवा होता.

मॅन्सन यांच्या कल्पनेत खरे आणि खोटे असे दोन्ही होते. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, अंडी घालून पाण्यात मरतो, आणि ते पाणी प्यायल्याने किंवा वाळलेल्या डबक्यातील धूळ श्वासावाटे गेल्याने माणसाला हिवताप होतो, असे त्यांना वाटत होते. डासाच्या दंशाचा विचार त्यात नव्हता. शिवाय रक्तातून बाहेर आल्यावर परजीवीपासून जे चाबकासारखे तंतू सुटतात, ते बीजासारखे असून डासाच्या शरीरात त्यांचीच वाढ होते, असाही त्यांचा समज होता. हे तंतू वस्तुतः नरपेशी आहेत, हे १८९७ मध्ये अमेरिकेतील संशोधक विल्यम मॅककॅलम यांनी कावळ्यांच्या रक्तातील परजीवींचा अभ्यास करून दाखवले. रॉस यांना म्हणजे अर्धा नकाशा बरोबर आणि अर्धा चुकीचा मिळाला होता, आणि त्यातला चुकीचा भाग कोणता हे त्यांनाच शोधून काढायचे होते.

सिकंदराबाद : पत्रांतून संशोधन

मार्च १८९५ मध्ये रॉस भारताकडे निघाले. मुंबईत उतरल्यावर सामान सीमाशुल्क कचेरीतून सुटण्यापूर्वीच ते हिवतापाचे रुग्ण शोधत तेथील रुग्णालयात गेले आणि रक्ताचे लेप तयार करू लागले. पुढे सिकंदराबादला मद्रास पायदळाच्या एका पलटणीचे वैद्य म्हणून ते रुजू झाले. येथून मॅन्सन यांना पाठवलेल्या पत्रांची मालिका सुरू झाली. चार वर्षांत त्यांनी शंभराहून अधिक पत्रे लिहिली. प्रत्येक प्रयोग, प्रत्येक अपयश आणि वरिष्ठांविषयीचा संतापही त्यांत सविस्तर उतरत असे. उत्तर हाती पडेपर्यंत महिना-दीड महिना जाई. मॅन्सन मार्ग सुचवत, धीर देत, पाठवलेले नमुने तपासत, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची घाई करण्यास सांगत आणि इटलीतील संशोधक पुढे जातील असा इशाराही देत.

रॉस यांनी अंड्यातून किंवा अळीपासून वाढवलेले डास मच्छरदाणीत सोडून ते रुग्णांना चाववले. अब्दुल कादिर नावाच्या रुग्णाच्या रक्तावर पोसलेल्या डासांच्या पोटात चंद्रकोरीसारखे परजीवी गोल होऊन त्यांतून तंतू सुटतात, हे १८९५ मध्येच त्यांनी पाहिले. मॅन्सन यांच्या अपेक्षेशी हे जुळत होते. पुढचा टप्पा मात्र दिसेना. डास मेलेले पाणी प्यायल्याने ताप येतो का, हे पाहण्यासाठी रॉस यांनी पैसे देऊन काही माणसांना ते पाजले. लछमन नावाच्या एकाला त्यानंतर ताप आला, पण तो हिवताप असल्याचे सिद्ध झाले नाही. पैशाच्या गरजेपोटी तयार झालेल्या माणसांवर असे प्रयोग करणे आजच्या कोणत्याही नीतिविषयक समितीला मान्य होणार नाही. त्या काळी वसाहतींतील वैद्यकात याबद्दल फारसा विचार होत नसे.

खरी अडचण निराळी होती. रॉस ज्या करड्या आणि पट्टेदार डासांवर प्रयोग करीत होते, त्यांच्यात माणसाच्या हिवतापाचा परजीवी वाढतच नाही. डासांच्या जाती ओळखण्याचे पुस्तक त्यांच्याजवळ नव्हते आणि मॅन्सन यांनाही त्या विषयाची माहिती नव्हती. मध्यंतरी पटकीच्या साथीच्या कामासाठी रॉस यांची बंगळूरला बदली झाली आणि संशोधन रखडले. १८९७ च्या उन्हाळ्यात उटकमंडजवळील सिगूर घाटात हिवतापाचा शोध घेताना त्यांना स्वतःलाच हिवताप झाला. तेथे भिंतीवर निराळ्या ढंगाने, मागचा भाग वर उचलून बसणारा एक ठिपकेदार पंखांचा डास त्यांनी पाहिला, पण त्या वेळी त्याचे महत्त्व त्यांना कळले नाही.

जून १८९७ मध्ये ते सिकंदराबादला परतले. ऑगस्टमध्ये त्यांच्या सहायकांनी आणलेल्या अळ्यांपासून तसेच ठिपकेदार पंखांचे डास निघाले. १६ ऑगस्ट रोजी हे डास हुसेन खान नावाच्या रुग्णाला चाववण्यात आले. प्रत्येक डासामागे त्याला एक आणा देण्यात आला. पुढील दिवसांत रॉस यांनी एकेका डासाचे विच्छेदन केले. खोलीत असह्य उकाडा होता, पण वाऱ्याने नमुने उडतील म्हणून पंखा चालू ठेवता येत नव्हता. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्ट रोजी चार दिवसांपूर्वी रक्त प्यायलेल्या डासाच्या जठराच्या भिंतीत त्यांना गोल पेशी दिसल्या आणि त्यांत काळ्या रंगद्रव्याचे कण होते. असे कण हिवतापाचा परजीवी माणसाच्या रक्तातील लाल द्रव्यापासून तयार करतो. निरोगी डासाच्या पेशींत ते आढळत नाहीत. दुसऱ्या दिवशी शेवटचा उरलेला डास फोडून पाहता या पेशी आणखी मोठ्या झालेल्या आढळल्या. म्हणजे तेथे काहीतरी वाढत होते. रॉस यांनी त्या रात्री या शोधावर कविता लिहिली. नमुने मॅन्सन यांच्याकडे रवाना झाले आणि डिसेंबरमध्ये रॉस यांचा लेख मॅन्सन यांच्या अभिप्रायासह ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

बदली आणि कलकत्ता

शोध लागला, पण त्यानंतर लगेच सप्टेंबरमध्ये रॉस यांची मुंबईमार्गे राजपुतान्यातील खेरवाडा येथे बदली झाली. तेथे हिवतापाचे रुग्ण फारसे नव्हते. संशोधनासाठी विशेष नियुक्ती मिळावी म्हणून त्यांनी केलेले अर्ज सरकारने यापूर्वीही मान्य केले नव्हते. त्यांनी राजीनाम्याचा विचारही बोलून दाखवला. या टप्प्यावर मॅन्सन यांनी वैज्ञानिक सल्लागाराच्या भूमिकेपलीकडे जाऊन लंडनमधील अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा केला. १८९७ मध्येच ते वसाहत खात्याचे वैद्यकीय सल्लागार झाले होते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. अखेर १८९८ च्या आरंभी हिवताप आणि काळा आजार यांच्या संशोधनासाठी रॉस यांची कलकत्त्याला एक वर्षासाठी नियुक्ती झाली. शिष्याला वेळ, जागा आणि पगार मिळवून देणे हेही मार्गदर्शकाचेच काम असते. ते मॅन्सन यांनी केले नसते तर पुढचा शोध भारतात लागला असता, असे म्हणणे कठीण आहे.

कलकत्त्यात प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या आवारात त्यांना छोटी प्रयोगशाळा मिळाली. त्या वेळी शहरात प्लेगची धास्ती पसरलेली होती. बोट टोचून रक्त घेणाऱ्या साहेबाबद्दल लोकांना प्लेगची लस टोचली जात असल्याचा संशय येई, त्यामुळे माणसांवर काम करणे अवघड झाले. रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्या आणि चंडोल यांच्या रक्तातील हिवतापाचा परजीवी करड्या डासांत वाढतो, हे त्यांना लवकरच आढळले. या कामात मोहम्मद बक्स हे सहायक त्यांच्यासोबत होते. डास पकडणे, वाढवणे आणि पक्ष्यांना चाववणे हे वेळखाऊ काम त्यांच्याकडे असे.

पक्ष्यांच्या परजीवीचे संपूर्ण चक्र रॉस यांना काही महिन्यांतच उलगडले. डासाच्या जठरातील पेशी वाढून फुटतात आणि त्यांतून असंख्य बारीक कांड्या बाहेर पडून डासाच्या शरीरभर पसरतात, हे दिसले. त्या शेवटी जातात कुठे, हा प्रश्न उरला होता. जुलै १८९८ च्या पहिल्या आठवड्यात त्या डासाच्या डोक्याजवळील ग्रंथीत दाटून भरलेल्या आढळल्या. ही लाळग्रंथी होती आणि तिची नलिका थेट सोंडेत उघडत होती. पाणी आणि धूळ यांची कल्पना तेथेच संपली. काही दिवसांनी संसर्गित डासांनी चावलेल्या निरोगी चिमण्यांच्या रक्तात परजीवी दिसू लागले. रॉस यांनी ही बातमी तातडीने मॅन्सन यांना कळवली. त्या महिन्याच्या अखेरीस एडिंबरा येथील ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या बैठकीत मॅन्सन यांनी ती जाहीर केली. स्वतःच्याच कल्पनेचा मोठा भाग चुकीचा ठरवणारा निष्कर्ष त्यांनी आनंदाने सर्वांसमोर मांडला, ही त्यांच्या मोठेपणाची खूण मानावी लागेल. दोन वर्षांनी रोमहून लंडनला आणलेल्या संसर्गित डासांकडून आपल्याच मुलाला चाववून घेऊन मॅन्सन यांनी दंशाचा सिद्धांत लंडनमध्ये सर्वांना दाखवून दिला. मुलाला हिवताप झाला आणि क्विनीनने तो बरा झाला.

ग्रासी यांच्याशी वाद

१८९८ च्या अखेरीस इटलीतील बातिस्ता ग्रासी, अमिको बिन्यामी आणि ज्युसेप्पे बास्तियानेल्ली यांनी माणसाच्या हिवतापाचा प्रसार ॲनॉफेलीस जातीच्या डासांमार्फत होतो, हे सिद्ध केले. रॉस यांचे ठिपकेदार पंखांचे डास याच कुळातील होते. ग्रासी यांनी आपल्या कामाची माहिती वापरून श्रेय लाटले, असे रॉस यांचे मत होते, आणि पुढील अनेक वर्षे त्यांनी अतिशय कठोर भाषेत टीका केली. पारितोषिक दोघांना विभागून द्यावे असाही विचार झाला होता, परंतु रॉबर्ट कॉख यांनी रॉस यांची बाजू घेतली. माणसाच्या हिवतापातील पूर्ण साखळी जोडण्याचे काम इटालियनांनी केले आणि तिचा आराखडा रॉस यांनी आधी उलगडला, असे आता साधारणतः मानले जाते.

लिव्हरपूल, क्षेत्रीय कार्य आणि गणित

फेब्रुवारी १८९९ मध्ये रॉस भारत सोडून लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक शाळेत अध्यापक म्हणून रुजू झाले. याच वर्षी लंडनमध्येही मॅन्सन यांच्या पुढाकाराने अशीच शाळा सुरू झाली. वसाहतींत जाणाऱ्या तरुण वैद्यकांना सूक्ष्मदर्शकाचा वापर आणि परजीवींची ओळख करून देणे हे या शाळांचे मुख्य कार्य होते. रॉस यांना १८९४ पूर्वी जे मिळाले नव्हते, ते पुढील पिढीला शिक्षणक्रमाच्या रूपात मिळू लागले.

रॉस यांनी सिएरा लिओन, इस्मायलिया आणि मॉरिशस येथे डास नियंत्रणाच्या मोहिमा आखल्या किंवा त्यांना सल्ला दिला. सुएझ कालव्यावरील इस्मायलियात साचलेले पाणी काढून टाकल्याने हिवताप झपाट्याने ओसरला. लाहोरजवळील मियाँ मीर छावणीतील प्रयोग मात्र अपेक्षेप्रमाणे यशस्वी झाला नाही आणि भारत सरकारने या पद्धतीबाबत हात आखडता घेतला. रॉस यांना हा आपल्यावरील अन्याय वाटला.

मॉरिशसच्या अहवालात आणि १९११ च्या ग्रंथात त्यांनी हिवतापाच्या प्रसाराचे गणिती समीकरण मांडले. प्रत्येक डास मारण्याची आवश्यकता नाही, डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेखाली गेली की रोग टिकत नाही, हा त्यातील निष्कर्ष होता. साथरोगांच्या गणिती अभ्यासाचा हा पाया ठरला. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी पुढे त्याचा विस्तार केला आणि ते प्रतिमान आज रॉस-मॅकडोनाल्ड या नावाने ओळखले जाते. जीवशास्त्रातील शोधाच्या तुलनेत रॉस यांच्या या कार्याकडे सामान्य वाचकांचे लक्ष कमी जाते.

गुरूशी दुरावा

१९११ मध्ये रॉस यांना सर ही पदवी मिळाली. पुढील वर्षी त्यांनी लिव्हरपूल सोडले. तेथील जागेवर येणाऱ्या उमेदवारासाठी मॅन्सन यांनी लिहिलेल्या शिफारसपत्रातील काही मजकूर रॉस यांना स्वतःच्या कार्याचा अवमान वाटला. त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावण्याची तयारी केली. प्रकरण न्यायालयाबाहेर मिटले, पण नाते पूर्ववत झाले नाही. पत्रांत वर्षानुवर्षे स्वतःचा राग मोकळेपणाने ओतणाऱ्या शिष्याचा हाच स्वभाव अखेर गुरूच्याही वाट्याला आला. मॅन्सन १९२२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात रॉस यांनी या संबंधांचा सविस्तर आढावा घेतला आहे.

अखेरची वर्षे आणि स्मारके

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, ऑगस्ट १९१४ मध्ये, रॉस यांचा थोरला मुलगा फ्रान्समधील लढाईत मारला गेला. युद्धकाळात रॉस ब्रिटिश सैन्याचे हिवतापविषयक सल्लागार होते. १९२६ मध्ये लंडनच्या पुटनी भागात त्यांच्या नावाने रॉस संस्थेची स्थापना झाली आणि तेथेच त्यांचे निधन झाले. १९३४ मध्ये ही संस्था मॅन्सन यांच्या शाळेतून विकसित झालेल्या लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये विलीन करण्यात आली.

कलकत्त्यातील जुन्या प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयाच्या प्रवेशद्वाराजवळ रॉस यांचे स्मारक आहे. १९२७ मध्ये त्याच्या अनावरणाला ते स्वतः उपस्थित होते. सिकंदराबादजवळील बेगमपेठ येथे त्यांच्या शोधाशी जोडलेली वास्तू जतन करण्यात आली आहे. २० ऑगस्ट हा दिवस जागतिक डास दिन म्हणून पाळला जातो. रॉस यांची कागदपत्रे त्यांच्या हयातीतच, आर्थिक ओढाताणीमुळे, विक्रीस काढली गेली होती. त्यांचा मोठा भाग आता लंडन आणि ग्लासगो येथील संस्थांत आहे. मॅन्सन आणि रॉस यांचा पत्रव्यवहार १९९८ मध्ये द बीस्ट इन द मॉस्किटो या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला.